बी अम्मांचं घर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

माझी बी.ए.ची शेवटच्या वर्षाची फी भरायची होती, त्या महिन्यात अम्माच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. मी विचारलं तेव्हा ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "कणीक अडकते त्यांत. काढून ठेवल्या." मी पुन्हा विचारलं नाही. विसाव्या वर्षी मुलाला आईचं असलं उत्तर खरं वाटतं, किंवा ते खरं मानणं त्याच्या सोयीचं असतं. त्या पाटल्या परत कधी तिच्या हातात आल्या नाहीत. ऐंशी ओलांडून ती गेली, तेव्हाही तिचे हात मोकळेच होते.

तिचा चाळिसावा झाल्यानंतर घर सुनं सुनं वाटत होतं. वेळ जाईना म्हणून कपाटातलं एक जुनं पुस्तक काढलं. मौलाना मोहम्मद अली यांचं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र. तरुणपणी ते मी एकदा वाचलं होतं. पण तेव्हा मला खिलाफत चळवळ समजून घ्यायची होती, म्हणून आईवरची पानं भराभर उलटली होती. या वेळी नेमका तिथंच अडखळलो. मुलांच्या शिक्षणासाठी एक विधवा आई घरातल्या मोलकरणीच्या हातून गुपचूप दागिने गहाण ठेवते, असा तो प्रसंग. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. एका मौलानाच्या आईनं, मला न विचारता, माझ्या आईबद्दलचं एक गुपित मला सांगून टाकलं होतं.

आज त्या मौलानाच्या आईविषयी बोलायचं आहे. त्यांचं नाव आबादी बानो बेगम. पण या नावानं त्यांना फार थोडे लोक ओळखतात. साऱ्या हिंदुस्थाननं त्यांना 'बी अम्मा' म्हटलं.

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात अली बंधू दोन-चार ओळींत येतात. मौलाना शौकत अली आणि मौलाना मोहम्मद अली, खिलाफत चळवळ, गांधीजींची साथ, असहकार. पुढचा धडा सुरू होतो आणि आपण पान उलटतो. या दोघांची आई त्या ओळींत मावत नाही. आणि जिथं ती येते, तिथं भाषण करणारी, मुलांना देशासाठी वाहून टाकणारी वीरमाता म्हणून येते. ते खोटं नाही. पण तिच्या सत्तरहून अधिक वर्षांच्या आयुष्यातली साठ-पासष्ट वर्षं उंबऱ्याच्या आत गेली. स्वयंपाक, हिशेब, मुलांची आजारपणं, सुना, नातवंडं यांत गेली. शेवटच्या सात-आठ वर्षांत त्या सभांमधून बोलल्या, ते या साठ वर्षांच्या जोरावर. म्हणून आधी घरापासूनच सुरुवात करू.

बी अम्मांचा जन्म १८५० च्या सुमाराचा. म्हणजे १८५७ चा उठाव झाला तेव्हा त्या जेमतेम सात-आठ वर्षांच्या असतील. लग्न होऊन त्या रामपूरला आल्या. रामपूर हे आजच्या उत्तर प्रदेशातलं, तेव्हाचं नवाबी संस्थान. सत्तावन्न साली तिथले नवाब इंग्रजांच्या बाजूला राहिले, म्हणून संस्थान टिकलं. नवऱ्याचं नाव अब्दुल अली खान. दरबारात मान असलेलं घर, जमीनजुमला, नोकरचाकर. पाच मुलगे आणि एक मुलगी झाली. धाकटा मोहम्मद अली १० डिसेंबर १८७८ चा. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा पटकीनं वडील गेले. बी अम्मांचं वय तेव्हा तिशीच्या आसपास.

त्या काळात, त्या घराण्यात, तरण्या विधवेचं दुसरं लग्न लावून देणं अगदीच अशक्य नव्हतं. धर्माची आडकाठी नव्हती. नातेवाइकांनी विचारलंही. त्यावर बी अम्मा गंभीर चेहरा करून सांगत, की मला आता सांभाळायला पाच नवरे आणि एक बायको आहे, आणखी कशाला? पाच नवरे म्हणजे पाच मुलगे, बायको म्हणजे मुलगी. मुलानं ही आठवण हसत हसत सांगितली आहे. पण मला त्या हसण्याच्या मागं एक बाई दिसते. सगळ्यांचं तोंड बंद होईल आणि कुणाचं मनही दुखावणार नाही, असं उत्तर तिला शोधावं लागलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी आयुष्यभराचे निर्णय असे थट्टेत गुंडाळून घरच्यांच्या गळी उतरवले आहेत.

आता दागिन्यांची गोष्ट. मालमत्तेचा कारभार मुलांच्या चुलत्याकडं होता. बी अम्मांना वाटे, मुलांनी इंग्रजी शाळेत शिकावं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. इंग्रजी शिकला की मुलगा धर्मातून जातो, अशी भीती उत्तरेतल्या खानदानी मुसलमान घरांत घट्ट बसलेली. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला शाळा काढली, दोन वर्षांत तिचं कॉलेज झालं, तर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. आपल्याकडंही इंग्रजी शिकणाऱ्या मुलांकडं पहिल्या पिढीत संशयानं पाहिलं जाई, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एक मुलगा इंग्रजी शाळेत गेला. दुसऱ्यालाही पाठवायचं म्हटल्यावर चुलत्यानं पैसे द्यायला नकार दिला. घरात एक काफिर झाला तेवढा पुरे, असा त्याचा सूर.

बी अम्मा पडद्यातल्या. त्या बाजारात जाऊ शकत नव्हत्या, दिराशी समोर उभं राहून वाद घालू शकत नव्हत्या. त्यांनी वाद घातलाच नाही. मोलकरणीला हाताशी धरलं, स्वतःचे काही दागिने काढून दिले आणि शेजारच्या हिंदू सावकाराकडं ते गहाण ठेवून पैसे उभे केले. मुलगा शाळेत गेला. असा हा बेत तिघांनी मिळून पार पाडला: पडद्यातली एक मुसलमान विधवा, तिची मोलकरीण आणि पलीकडच्या घरातला बनिया. पुढं ज्या हिंदू-मुस्लिम ऐक्यावर मोठमोठ्या सभांमधून भाषणं झाली, त्याची एक लहानशी, कुणी न पाहिलेली आवृत्ती रामपूरच्या त्या गल्लीत आधीच होऊन गेली होती. त्यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त होता, हे मान्य. पण शेजार म्हणजे तरी दुसरं काय असतं? वेळेला उपयोगी पडतो तो व्यवहार, आणि कुणाला न सांगता पाळलेला विश्वास.

बी अम्मांना स्वतःला शिक्षण असं जवळपास नव्हतंच. त्यांचा धाकटा मुलगा अलीगढला शिकला, १८९८ मध्ये ऑक्सफर्डला गेला, जगभरच्या विद्वानांत वावरला. आणि त्यानंच पुढं लिहून ठेवलं, की आईपेक्षा शहाणं आणि आईपेक्षा खऱ्या अर्थानं धार्मिक माणूस आपल्याला कुठंही भेटलं नाही. ज्या शिक्षणासाठी आईनं दागिने दिले, त्या शिक्षणाच्या टोकाला पोचून मुलगा म्हणतो, की शहाणपण मागं घरातच राहिलं होतं. हे वाचताना माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसाच्या घशात काहीतरी अडकतं.

ऑक्सफर्डहून परतल्यावर मोहम्मद अलींना सनदी नोकरी काही मिळाली नाही. थोडे दिवस रामपूरला शिक्षण खात्यात काढून ते बडोद्याला गेले आणि सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात काही वर्षं नोकरी केली. मराठी राज्यकर्त्याच्या चाकरीत असलेला हा तरुण अधिकारी १९११ मध्ये ती वाट सोडून कलकत्त्याला 'कॉम्रेड' नावाचं इंग्रजी साप्ताहिक काढून बसला. पुढं दिल्लीला बिऱ्हाड हलवलं, उर्दू 'हमदर्द' सुरू केलं. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. तुर्कस्तान इंग्रजांच्या विरोधात उतरला. तुर्कांची बाजू समजावून सांगणारा लेख सरकारला खपला नाही. 'कॉम्रेड' बंद पडलं, आणि मे १९१५ मध्ये शौकत अली आणि मोहम्मद अली यांना स्थानबद्ध करण्यात आलं. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. आधी दिल्लीजवळ मेहरौली, मग हिमालयातलं लॅन्सडाउन आणि शेवटी छिंदवाडा.

छिंदवाडा आज मध्य प्रदेशात असलं, तरी तेव्हा ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. राजधानी नागपूर. म्हणजे ज्या प्रांताच्या कचेऱ्यांत मराठी माणसांचा राबता होता, त्याच प्रांतात ही दोन मुलं अडकून पडली होती. बी अम्मा तेव्हा पासष्टीच्या. या वयात आईनं काय करावं? रामपूरच्या घरात तसबीह ओढत मुलांची वाट पाहिली असती तरी कुणी बोल लावला नसता. त्या मुलांबरोबर निघाल्या. सरकारनं मुलांना घरापासून तोडलं, तर आईनं घरच उचलून मुलांकडं नेलं.

मला बी अम्मांच्या आयुष्याची किल्ली इथं सापडते. त्या घर सोडून देशकार्याला गेल्या असं आपण म्हणतो. पण त्यांनी घर सोडलंच नाही. मुलं जिथं, तिथं घर. मुलं मेहरौलीत तर घर मेहरौलीत, मुलं छिंदवाड्यात तर घर छिंदवाड्यात. पुढं मुलं तुरुंगात गेली, जिथं आईला जाता येत नाही. तेव्हा घराच्या भिंती कुठवर न्यायच्या, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर त्यांनी नंतर दिलं. त्याकडं येतोच.

छिंदवाड्यात असताना, १९१७ मध्ये, सुटका हवी तर लेखी हमी द्या, असा सरकारचा निरोप आला. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. पडद्याआडून बी अम्मांनी सरकारी माणसाला ऐकवलं, की माझ्या मुलांनी धर्माला आणि देशाला उणं आणणारं काही कबूल केलं, तर त्यांचे गळे दाबायला अल्ला या म्हाताऱ्या हातांत बळ देईल. ही गोष्ट सांगताना लोकांच्या अंगावर काटा येतो. पण आई झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. हे वाक्य बोलायला तिला काय पडलं असेल, ते ती सांगेल. ज्या हातांनी भरवलं, त्याच हातांचं नाव घेऊन ती हे बोलत होती. मुलांनी सुटून यावं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला वाटत असणार? तरी तिनं कुठल्या किमतीला ते नको, हे सांगितलं. मुलांनी मागितलेली हमी आहे तशी दिली नाही. धर्माशी असलेली निष्ठा आधी, अशी अट घातली. सरकारला ती चालली नाही. स्थानबद्धता चालू राहिली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचं आणि मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं. काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या ॲनी बेझंट. त्या स्वतः त्या वर्षी काही महिने स्थानबद्ध होत्या. लीगनं अध्यक्ष निवडला मोहम्मद अलींना. तो तर छिंदवाड्यात अडकलेला. मग व्यासपीठावर अध्यक्षाच्या जागी त्याची तसबीर ठेवली. आणि बुरख्यातली त्याची आई सभेत उभी राहिली. पडद्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली, पासष्टी ओलांडलेली बाई हजारो पुरुषांसमोर बोलत होती. कशाच्या बळावर? तिच्याजवळ पदवी नव्हती, पद नव्हतं. मुलगा नाही म्हणून त्याच्या ऐवजी आई आली होती, एवढंच. घरात असंच तर चालतं. मुलगा परगावी असेल तर लग्नाकार्याला, मयतीला, पंचांसमोर आई जाते.

१९१९ च्या डिसेंबरअखेर बैतूलच्या तुरुंगातून दोघं भाऊ सुटले. घरी न जाता थेट अमृतसरला गेले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते आणि तिथं काँग्रेस भरली होती. मग गांधीजी आणि अली बंधू हे समीकरण जुळलं. मुंबईत खिलाफत समितीचं मोठं केंद्र उभं राहिलं. भायखळ्याचं खिलाफत हाउस त्या दिवसांची आठवण आहे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे होते. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी, १ ऑगस्टला मुंबईत गेले, त्यांच्या नावाचा हा फंड. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, त्यांत पडद्यातल्या मुसलमान बायकाही होत्या. निधी मागत, खादी वापरा म्हणून सांगत बी अम्मा या वयात गावोगाव फिरल्या. स्वतः खादी नेसू लागल्या. दागिने काढून देण्यासाठी बायकांना समजावणं त्यांना अवघड गेलं नसेल. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतःच्या अंगावरून काढलेच होते.

सप्टेंबर १९२१ मध्ये दोघं मुलगे पुन्हा पकडले गेले. कराचीच्या खिलाफत परिषदेत इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणं मुसलमानांना निषिद्ध आहे, असा ठराव झाला होता. त्यावरून कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला आणि दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. मोहम्मद अलींना पुढं विजापूरच्या तुरुंगात ठेवलं. त्याच सुमारास उत्तर हिंदुस्थानात एक गाणं घराघरांत, रस्त्यारस्त्यावर गायलं जाऊ लागलं. मोहम्मद अलीची आई मुलाला सांगते आहे, खिलाफतीसाठी जीव दे, असं ते गाणं. गाणं बी अम्मांचं नव्हे, पण लोकांनी ते त्यांच्या तोंडी घातलं. हयात असतानाच त्या लोकगीतातलं पात्र होऊन बसल्या.

आणि त्याच दौऱ्यांत, पंजाबातल्या एका सभेत, ती गोष्ट घडली. बोलता बोलता बी अम्मांनी चेहऱ्यावरचा पडदा वर केला. ज्या बाईनं सारा जन्म पडदा पाळला, तिनं हजारो परक्या पुरुषांसमोर चेहरा उघडा केला, आणि कारण काय दिलं? इथं जमलेली सगळी माझी मुलं आहेत. मुलांपासून आईनं पडदा कशाला करायचा?

मघाशी मी म्हटलं होतं, घराच्या भिंती कुठवर न्यायच्या या प्रश्नाचं उत्तर त्यांनी नंतर दिलं. ते हे. लक्षात घ्या, त्यांनी पडद्याचा नियम मोडला नाही. नियमाप्रमाणे परक्यासमोर पडदा, घरच्यांसमोर नाही. त्यांनी फक्त घरचे कोण, ही यादी वाढवली. सभेला आलेले हिंदू, शीख, मुसलमान, कुणीही असो, यादीत आले. आधुनिक वाचक म्हणेल, यात क्रांती कसली? आई म्हणूनच बोलायची मुभा मिळाली ना? बाई म्हणून, नागरिक म्हणून कुठं मिळाली? प्रश्न रास्त आहे. आई ही एकच पायरी त्या काळानं त्यांना ठेवली होती. पण त्या पायरीवर उभं राहून त्यांनी जेवढं अंगण पाहिलं, तेवढं पदव्या घेतलेल्या आम्हा किती जणांना दिसतं? डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसच्या वेळी बायकांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी बी अम्मा होत्या. ज्यांच्यासाठी शाळा नव्हती, त्या शिकलेल्या बायकांच्या सभेच्या अध्यक्ष झाल्या.

इकडं मुलगा तुरुंगात लिहीत होता. १९२३ मध्ये त्यानं जे पुस्तक लिहायला घेतलं, ते खरं तर धर्माविषयीचं होतं. सुरुवातीला थोडं स्वतःविषयी सांगावं म्हणून बसला आणि आई समोर येऊन उभी राहिली. पुस्तक अपुरंच राहिलं. 'माय लाइफ: अ फ्रॅगमेंट' या नावानं ते त्याच्या मृत्यूनंतर, १९४२ मध्ये छापलं गेलं.

इथं मला राहून राहून आपले साने गुरुजी आठवतात. मोहम्मद अलींनंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, अवघ्या पाच दिवसांत. पुढं १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. एक ऑक्सफर्डचा मौलाना, एक कोकणातला मास्तर. एकाची भाषा इंग्रजी, दुसऱ्याची मराठी. दोघांनी कोठडीत आईला बोलावलं. मला वाटतं, हा योगायोग नाही. बाहेर असताना माणूस पुढाऱ्यांविषयी, तत्त्वांविषयी लिहितो. दार बाहेरून बंद झालं, की ज्या दारातून तो पहिल्यांदा जगात आला, ते दार आठवतं. आपल्याला हट्ट करायला आणि वाकायचं नाही हे कुणी शिकवलं, याचा हिशेब तिथं लागतो. श्यामची आई गरिबीत लवकर गेली, बी अम्मा दीर्घायुषी झाल्या. पण दोघींचं विद्यापीठ एकच, चुलीसमोरचं.

बी अम्मांच्या शेवटच्या वर्षानं त्यांना मोठा मान दिला आणि मोठं दुःखही दिलं. डिसेंबर १९२३ मध्ये काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याचे अध्यक्ष मोहम्मद अली होते. ज्याच्या शाळेसाठी दागिने गहाण पडले, ते पोर देशाच्या सर्वांत मोठ्या सभेचं अध्यक्ष झालं. पण मार्च १९२४ मध्ये तुर्कस्ताननंच खलिफापद रद्द करून टाकलं. ज्यासाठी मुलांनी तुरुंग भोगले, ते तुर्कांनाच नको होतं. देशात ठिकठिकाणी हिंदू-मुस्लिम दंगली पेटल्या. सप्टेंबरात कोहाट जळलं. गांधीजींनी दिल्लीत एकवीस दिवसांचं उपोषण मांडलं, आणि ते कुठं? मोहम्मद अलींच्या घरी. दंगलींच्या दिवसांत हिंदूंचा महात्मा मुसलमानाच्या घरात उपाशी बसला. बी अम्मा तेव्हा थकल्या होत्या. सभेत ज्यांना मुलं म्हटलं, ती एकमेकांवर उठली होती. कुठल्याही आईला म्हातारपणी याहून वाईट काय पाहायला लागतं?

उपोषण सुटून महिना-सव्वा महिना झाला आणि १३ नोव्हेंबर १९२४ रोजी बी अम्मा गेल्या. गांधीजी त्या रात्री तिथं होते. 'यंग इंडिया'त त्यांनी बी अम्मांवर लिहिलं. म्हातारपणातला त्यांचा तरुण उत्साह, त्यांची श्रद्धा, आणि हिंदू-मुसलमान एकत्र आल्याशिवाय देश सुटणार नाही हा त्यांचा ध्यास, या सगळ्याविषयी लिहिलं. एक गोष्ट त्यात अशी आहे, की आपल्या कफनाला खादीच वापरायची, असं त्या मुलांना बजावून गेल्या होत्या. मरणाची तयारी करतानाही बाई घरच्यांना कापडाचा तपशील सांगून जाते. ती सारा जन्म घर चालवत आलेली असते.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कवी आहे. हिशेब मांडायचा झाला तर मला एवढंच दिसतं: खिलाफत गेली, चळवळ विरली. मोहम्मद अली १९३१ च्या जानेवारीत लंडनला गेले, जेरुसलेमला दफन झाले. पुढं देशही फाटला. मग बी अम्मांचं उरलं काय? उरली त्यांची ती यादी. घरचे कोण, याची. ती यादी प्रत्येक पिढीला नव्यानं लिहावी लागते, आणि ती आईच लिहिते असं मला वाटतं. आमच्या घरी गणपतीत शेजारचा मोदक यायचा आणि ईदला आमचा शीरखुर्मा तिकडं जायचा. त्यावर अम्मानं कधी भाषण केलं नाही. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढंच तिला माहीत होतं.

पुस्तक मिटल्यावर मी धाकट्या बहिणीला फोन केला. विचारलं, "अम्माच्या पाटल्यांचं काय झालं होतं गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाईजान, तुम्हाला ठाऊक नाही? मीच तर गेले होते तिच्याबरोबर पेढीवर. दारातच बजावलं होतं तिनं, भाईला बोलायचं नाही, त्याची परीक्षा आहे."

पस्तीस वर्षं ती परीक्षा चालू होती. निकाल मला आत्ता कळला.